ड्रायरच्या तोंडाशी

कागदाच्या मिलमध्ये कामाला आहे असं सांगितलं की लोकांच्या डोळ्यांपुढे वह्या येतात. आमच्या मिलमध्ये वहीचा कागद कधी झालाच नाही. वसई पूर्वेला, हायवेच्या बाजूला गाळ्यांची जी दाटी आहे, तिच्या अगदी मागच्या टोकाला आमची मिल. एका बाजूने रद्दी पुठ्ठ्याचे गठ्ठे आत जायचे आणि दुसऱ्या बाजूने खोकी बनवायचा तपकिरी कागद मोठ्या रिळांनी बाहेर यायचा. मधल्या सगळ्या कारभारातला शेवटचा आणि सगळ्यात गरम भाग म्हणजे ड्रायर. मी तिथे होतो.

ड्रायर म्हणजे लोखंडाचे पोकळ, गुळगुळीत सिलिंडर, एकेक जवळजवळ माणसाच्या उंचीचा, ओळीने मांडलेले. आत बॉयलरची वाफ. ओला कागद त्यांच्यावरून खालीवर फिरत जातो आणि वाळतो. कागद सिलिंडरला घट्ट चिकटून राहावा म्हणून वरून एक जाड, रुंद कापडी पट्टा सतत फिरत असतो. त्याला फेल्ट म्हणतात. फेल्ट आणि सिलिंडर जिथे एकमेकांना भेटतात तिथे एक फट तयार होते, आणि ती फट जे मिळेल ते आत ओढते. तिला आम्ही तोंड म्हणायचो. ‘तोंडाशी सांभाळून’ एवढंच आम्ही नव्या माणसाला सांगायचो. आम्हालाही त्याहून जास्त कोणी सांगितलं नव्हतं.

कागद तुटतो. चांगला चाललेला असतो आणि मधेच फाटून खाली लोळायला लागतो. मग कागदाची एक अरुंद पट्टी, आमच्या भाषेत शेपूट, हातात धरायची आणि पुढच्या सिलिंडरच्या तोंडात द्यायची. तोंडाने ती पकडली की हात मागे. मग त्याच्या पुढच्या तोंडात. हे सगळं मशीन चालू असतानाच करायचं. थांबवलं तर पुन्हा लाईन धरायला फार वेळ जातो, म्हणून वेग थोडा कमी करायचा, बस. त्या तोंडावर जाळी असते हे मला माहीत नव्हतं असं नाही. मशीनच्या फ्रेमवर तिच्या बोल्टांची भोकं होती, रिकामी. त्यातल्या एका भोकात तार अडकवून तिला मी माझा घाम पुसायचा रुमाल टांगायचो. मी ड्रायरवर आलो तेव्हापासून भोकं रिकामीच होती.

माझा जोडीदार पाचूबंदरचा कोळी. त्याचा बाप, दोन्ही भाऊ समुद्रावर, आणि हा एकटा मिलमध्ये. त्याला बोट लागायची. कोळ्याच्या पोराला बोट लागते म्हणून सगळा किनारा हसला असेल, आणि तोही ते हसतच सांगायचा. गळ्यात बारीक क्रूस, कमरेला पातळ पात्याची सुरी. सिलिंडरला कागद गुंडाळला गेला की तो कापून काढायला आम्ही सगळेच सुरी ठेवायचो, पण त्याची सुरी घरून आणलेली, मासळी कापायची होती. तिला तो रोज धार लावायचा. मी कोकणातला, विरारला वाढलेला. माझं बोलणं त्याला शाळेतल्या मास्तरांसारखं वाटायचं. ‘पाणी’ म्हटलं की तो म्हणायचा, “पानी म्हन रे, तहान लवकर भागते.”

त्या दिवशी पहिली पाळी होती. नाश्त्याची वेळ होत आली होती आणि कागद तुटला. रद्दीत प्लास्टिक फार आलं होतं, त्यामुळे सकाळपासून तो सारखाच तुटत होता. माझ्या हातात सुती मोजे. ओल्या कागदाचा लगदा त्यांच्यावर बसून बोटांशी ते सैल झाले होते. मी शेपूट धरली, पहिल्या तोंडात दिली, दुसऱ्यात दिली. तिसऱ्या तोंडात देताना मोज्याचं टोक शेपटीबरोबर गेलं.

मला वाटलं कोणीतरी माझा हात धरून ओढतंय. हे खरंच वाटलं, ओळखीच्या माणसाने गंमत करावी तसं. पुढच्या क्षणी कोपरापर्यंत हात आत होता आणि माझा गाल फ्रेमवर आपटला होता. आपत्कालीन दोरी जोडीदाराने ओढली. मशीन आचके देत थांबलं.

लोकांना वाटतं, मशीन थांबलं म्हणजे सुटलो. ड्रायरचं तसं नसतं. मशीन थांबलं, पण सिलिंडर तापलेलाच होता. वाफ बंद केली तरी ते एवढं जाड लोखंड काही लगेच निवत नाही. माझा हात एका बाजूने त्या लोखंडाला आणि दुसऱ्या बाजूने ताणलेल्या फेल्टला दाबलेला होता, आणि आता सिलिंडर फिरतही नव्हता. हात एकाच जागी भाजत होता. सिलिंडर फिरत होता तेव्हा दुखलं नाही इतकं थांबल्यावर दुखलं. मी ओरडलो असेन. मला स्वतःचा आवाज आठवत नाही, फक्त मशीन बंद पडल्यावर पसरलेली शांतता आठवते. त्या शांततेत माझ्या हाताचा चरचर आवाज ऐकू येत होता, आणि वास येत होता. त्याबद्दल मी जास्त लिहिणार नाही.

शिफ्टचे साहेब धावत आले. त्यांनी पहिली गोष्ट केली ती बरोबरच होती: फेल्टचा ताण सैल करायचं चाक गाठलं. चाक फिरेना. गंज धरला होता. ते दोन्ही हातांनी त्याला लोंबकळले. “पाना आणा! मोठा पाना!” दोघंजण वर्कशॉपकडे पळाले.

जोडीदाराने माझ्या कमरेला मागून विळखा घातला होता. माझे पाय सुटले असते तर सगळं वजन त्या हातावर आलं असतं. तो माझ्या कानाशी बोलत होता. “हलू नको. खेचू नको, दादूस. खेचलास तर कातडी तिथंच राहील. मी हाय ना.”

“काप,” मी म्हटलं. मला फेल्ट म्हणायचं होतं की हात, ते आजही सांगता येत नाही.

त्याने दुसऱ्या कोणाला तरी माझ्या कमरेला धरायला लावलं आणि सुरी काढली.

“फेल्ट कापू नको!” साहेब चाकावरून ओरडले. “सैल होतंय, थांब, होतंय!”

ते वाईट माणूस नव्हते. त्यांना खरंच वाटत होतं की चाक आता फिरेल. फेल्ट कापलं की मिल काही दिवस बंद, आणि त्याचा जाब त्यांनाच विचारला जाणार. हे सगळं त्या क्षणी त्यांच्या डोक्यात असणार. पण चाक फिरत नव्हतं आणि पाना येत नव्हता.

जोडीदाराने फेल्टच्या कडेला सुरी घातली आणि दोन्ही हातांनी खाली ओढली. ते कापड चिवट असतं, सहज कापलं जात नाही. कापताना त्याचा स्वतःचा उजवा हात मनगटापासून वर सिलिंडरला टेकलेला होता, आणि तो त्याने काढला नाही. मग फेल्ट मोठा आवाज करत कडेपासून फाटत गेलं, आणि माझा हात सुटला.

किती वेळ गेला, ते प्रत्येकजण वेगळं सांगतो. मी कोणालाच खोटं ठरवत नाही.

मुंबईतल्या एका मोठ्या सरकारी इस्पितळात जळितांच्या वॉर्डात माझं अंथरूण पडलं. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट डॉक्टरांनी काढलं. मांडीची कातडी सोलून हातावर लावली. उजवा हात जळालेला आणि डावी मांडी सोललेली, म्हणजे दोन्ही कुशी बंद. उताणं पडून छताकडे बघत राहायचं. ड्रेसिंग बदलायची वेळ झाली की ट्रॉलीच्या चाकांचा आवाज लांबूनच कळायचा आणि सगळा वॉर्ड गप्प व्हायचा. माझ्या शेजारी एक आचारी होता, लग्नाच्या स्वयंपाकात उकळतं तेल पायांवर सांडलेला. तो मला म्हणाला, “तुमचं बरं आहे, हात आहे. चालता तरी येईल.” मला त्याचा इतका राग आला की दिवसभर मी त्याच्याशी बोललो नाही. संध्याकाळी बायको आली तेव्हा तिने आणलेल्या पेजेतली अर्धी त्याला द्यायला सांगितली.

बायको माणिकपूरला एका कपड्यांच्या दुकानात काम करते. दुकानातून इस्पितळ, इस्पितळातून विरार, असं तिचं चाललं होतं. मुलगी तेव्हा आठवीत. ती पहिल्यांदा भेटायला आली तेव्हा माझ्या हाताकडे न बघण्याची इतकी खटपट करत होती की शेवटी मीच म्हटलं, “बघून घे एकदा, म्हणजे सुटलीस.” तिने पाहिलं. “बाबा, बॉक्सिंगचा ग्लव्ह घातल्यासारखा दिसतोय,” म्हणाली आणि बाहेर पॅसेजमध्ये जाऊन रडली.

घरी आल्यावर खरं कोंडून पडणं सुरू झालं.

आमचं घर विरारला, तिसऱ्या मजल्यावर. एक खोली, स्वयंपाकघर, आणि कबुतरांसाठी जाळी लावलेली गॅलरी. समोर दुसऱ्या बिल्डिंगची गॅलरी, तीही जाळी लावलेली. सकाळी बायको आणि मुलगी गेल्या की दार ओढून घ्यायच्या आणि मी एकटा. नव्या कातडीला ऊन चालत नाही, घाम चालत नाही, धूळ चालत नाही. हातावर एक घट्ट लवचिक मोजा चोवीस तास घालायचा होता, जखमांचे वण फुगू नयेत म्हणून. त्याच्या आत हाताला जी खाज यायची तिच्यापुढे दुखणं बरं म्हणावं लागेल. खाजवायचं नाही. मी भिंतीला डोकं टेकून उभा राहायचो. कधी कधी नसलेल्या करंगळीला खाज यायची, तिला तर खाजवायला जागाच नव्हती.

एके दिवशी मी आंघोळीला गेलो आणि सवयीने आतून कडी लावली. घरात कोणी नव्हतं, कडी लावायचं काही कारण नव्हतं. आंघोळ झाली. कडी ओढायला गेलो तर ती बसलेली. ओल्या दिवसांत दार फुगतं, मग ती कडी उजव्या हाताने दार दाबून डाव्या हाताने ओढावी लागते. उजवा हात मी प्लास्टिकच्या पिशवीत बांधून वर धरला होता. खांद्याने दार दाबलं. कडी जरा हलली आणि थांबली. डावा हात साबणाचा. पुन्हा केलं. पुन्हा. गरम पाण्याची वाफ त्या एवढ्याशा जागेत कोंडली होती, आरसा धुरकट झाला होता, आणि अचानक मला कळेना की मी कुठे आहे. गालाला दाराची चौकट लागली होती आणि मला ती मशीनची फ्रेम वाटली. मी ओरडायला लागलो. नावं घेऊन नाही, नुसताच ओरडत होतो.

वरच्या मजल्यावरच्या आजी कपडे वाळत घालत होत्या. त्यांनी बाथरूमच्या खिडकीतून आवाज ऐकला. त्यांच्याकडे आमची किल्ली असायची. खाली येऊन त्यांनी घर उघडलं आणि बाथरूमच्या दाराबाहेर उभ्या राहिल्या.

“काय झालं रे? पडलास?”

“कडी,” मी म्हटलं.

“मग त्यात ओरडायचं काय एवढं? मी बाहेरून दाबते. तू ओढ. हं, ओढ आता.”

कडी सरकली. मी टॉवेल गुंडाळून बाहेर आलो. माझ्याकडे बघून त्या वर गेल्या. पिठलं-भात आणून दिला. संध्याकाळी बायकोने ती कडी स्क्रू-ड्रायव्हरने काढूनच टाकली. त्यानंतर बरेच महिने आमच्या बाथरूमला कडी नव्हती, आत कोण आहे ते कळावं म्हणून मुलगी मोठ्याने गाणी म्हणायची.

मिलचे मॅनेजर दर आठवड्याला घरी यायचे. येताना शहाळी आणायचे, ती स्वतः फोडून आणलेली, झाकण लावलेली, मला एका हाताने पिता यावीत म्हणून. असा विचार करणारा माणूस. खुर्चीत बसायचे, मुलीच्या अभ्यासाची चौकशी करायचे. इस्पितळातलं सगळं मिलने बघितलं होतं. “तू आमच्या घरचा माणूस आहेस,” ते म्हणायचे. “हात बरा होऊ दे. गेटवर खुर्ची टाकतो तुला. पावत्या बघायच्या, गाड्या आत-बाहेर करायच्या. जन्मभराचं काम.” ते गेले की बायको रिकामी शहाळी उचलून ठेवायची. एवढ्या चांगुलपणात जीव का घुसमटतो, ते आम्हाला सांगता येत नव्हतं.

मग एका आठवड्यात ते म्हणाले, “सरकारी इन्स्पेक्टर येणार आहेत. तुझं म्हणणं घेतील. घाबरायचं काही नाही. जे झालं ते सांगायचं. जाळी होती, तू शेपूट देताना ती बाजूला केलीस, मोजा अडकला. चुकून होतं असं. कोणी तुला काही म्हणणार नाही.”

“जाळी नव्हती, साहेब.”

“आता आहे,” ते शांतपणे म्हणाले. “पिवळी, चांगली मजबूत. तू बघितली नाहीस अजून.” मग शहाळ्याकडे हात करून, “पी ना. गरम होईल.”

जाताना दारात थांबून त्यांनी आणखी एक सांगितलं. माझ्या जोडीदाराने आधीच म्हणणं दिलं होतं, जाळी कधीच नव्हती असं. “तो तापट आहे. कंपनीचं फेल्ट कापलं म्हणून त्याला दोन शब्द बोललो, तर डोक्यात राख घातली. तू समजूतदार आहेस.”

जोडीदाराला त्यांनी ड्रायरवरून काढून रद्दीच्या यार्डात टाकलं होतं, आणि नंतर काही दिवस घरी बसायला सांगितलं होतं. हे मला कोणी कळवलं नव्हतं. तो फोनवर नेहमी हसून बोलायचा, “हाय ना काम, जोरात हाय.”

त्या रविवारी मी आणि बायको पाचूबंदरला गेलो. इस्पितळ सोडून इतक्या लांब मी पहिल्यांदाच बाहेर पडलो होतो. रिक्षात सगळे माझ्या हाताकडे बघताहेत असं वाटत होतं. जोडीदार नुकताच चर्चमधून मिस्सा आटपून आला होता, इस्त्रीच्या शर्टात. त्याच्या बायकोने त्याला घालूनपाडून बोलत शर्ट काढायला लावला आणि आमच्यासमोर बोंबील सोलायला बसवलं. बनियनमध्ये बसला तेव्हा त्याचा उजवा हात मी पहिल्यांदा उघडा बघितला. मनगटापासून कोपराच्या जवळपर्यंत लालसर, चकचकीत पट्टा.

माझ्या बायकोनेही तो बघितला. “हे कधी झालं, भाऊ?”

“हे? काय नाय, वैनी. फेल्टच्या येळचं.” तो बोंबील सोलत राहिला.

मी त्याला मॅनेजरचं सगळं सांगितलं. गेटवरची खुर्ची, जाळी, इन्स्पेक्टर. सगळं ऐकून तो म्हणाला, “तुला पोरगी हाय. हात हा असा. दुसरीकडं कोन देनार तुला काम? तू सांग त्यांचं. मला काय, मी बोटीवर जाईन. उलटीची गोळी घेऊन जाईन.”

“तू खोटा ठरशील.”

“ठरू दे. मला म्हाईत हाय ना काय झालं, तुला म्हाईत हाय. झालं की.”

त्याने रागावून बोलावं असं मला वाटत होतं. रागावला असता तर मी भांडलो असतो, आणि भांडणातून काहीतरी ठरवलं असतं. त्याने मला मोकळं सोडलं, आणि मला तर हलताही येईना. जेवलो. परत येताना रिक्षात बायको बाहेर बघत होती. आधी तिचंच म्हणणं होतं की साहेब सांगतात तसं सांगून टाका, विषय संपवा. विरारला जिना चढताना दुसऱ्या मजल्यावर ती थांबली.

“अहो, जाळी खरंच नव्हती ना?”

“नव्हती.”

“मग झालं,” ती म्हणाली आणि पुढे चढायला लागली.

म्हणणं मिलच्या ऑफिसातच घेतलं. एसी लावलेली खोली, काचेतून आत मशीन दिसायचं. ते चालू होतं. इन्स्पेक्टर बाई होत्या, माझ्याहून लहान, डोळ्यांखाली काळी वर्तुळं, कदाचित त्या दिवशीचा तो त्यांचा तिसरा-चौथा कारखाना असेल. मॅनेजर टेबलाच्या कडेला बसले होते. माझ्यासमोर पाण्याचा ग्लास होता, आणि तो डाव्या हाताने उचलताना मी थोडं पाणी सांडलं. मॅनेजरनी लगेच रुमाल पुढे केला.

“अपघाताच्या वेळी त्या ठिकाणी संरक्षक जाळी होती का?” बाईंनी विचारलं.

मी मॅनेजरकडे बघितलं नाही, कारण बघितलं असतं तर त्यांच्या चेहऱ्यावर राग नसता, आणि तेच मला नको होतं.

“नव्हती.”

“कधीपासून?”

“मी आलो तेव्हापासून. फक्त भोकं होती. मी एका भोकाला रुमाल टांगायचो.” मग मला वाटलं की एवढं पुरेसं नाही. “आणि फेल्टचं चाक गंजलेलं होतं. माझ्या जोडीदाराने सुरीने फेल्ट कापलं म्हणून हाताचं एवढं तरी उरलं. त्याने कापलं नसतं तर मी इथे बसलो नसतो.”

बाई लिहीत होत्या. मॅनेजर उठले आणि काचेपाशी जाऊन मशीनकडे बघत उभे राहिले. आवाज चढवणं त्यांच्या स्वभावातच नव्हतं. मी निघालो तेव्हा त्यांनी “जिना सांभाळून” म्हटलं. त्यानंतर ते घरी आले नाहीत.

मला वाटलं होतं, आता सगळं तुटलं. तसं झालं नाही. मिलवर खटला उभा राहिला, आणि तो चालू असताना मला काढणं त्यांच्या वकिलाला बरं दिसेना. मलाही दुसरीकडे कोणी घेईना. तीन बोटांच्या, आखडलेल्या उजव्या हाताकडे बघितलं की समोरचा माणूस फार नम्रपणे बोलायला लागतो, आणि ‘कळवतो’ म्हणतो. तेव्हा गेटवरची ती खुर्ची मला मिळालीच. ती देणाऱ्यांना मी नको होतो आणि बसणाऱ्याला ती नको होती. तिथे पहिल्यांदा बसलो तेव्हा ड्रायरचा आवाज भिंतीतून खुर्चीत येत होता. मधेच तो बदलायचा, वेग कमी झाल्यासारखा, आणि मला कळायचं, कागद तुटला, आत कोणीतरी शेपूट धरली. आवाज पूर्ववत होईपर्यंत माझा श्वास अडकलेला असायचा. दिवसातून कितीदा तरी.

जोडीदार मिलमध्ये परत आला नाही. त्यांनी त्याला बोलावलं होतं, पण यार्डात. तो भावाच्या बोटीवर जायला लागला. पहिले काही महिने त्याचे फार हाल झाले. आता म्हणतो, सवय झाली. उलटी होते, पण सवय झाली.

गेल्या पावसाळ्याच्या आधी गेटवरचा इंटरकॉम बंद पडला. बॉयलरसाठी कोळशाची गाडी आली होती आणि ती कुठे लावायची ते विचारायला आत जायला हवं होतं. गेटवर मी एकटाच. अपघातानंतर मी मशीनपाशी गेलो नव्हतो. उजवा हात खिशात घालून गेलो. दारातच ती ऊब तोंडावर आली, ओल्या पुठ्ठ्याचा तो आंबूस वास आला. तरी चालत राहिलो.

कागद तुटलेला होता. जमिनीवर त्याचा ढीग वाढत होता. ड्रायरवर विक्रमगडकडचा एक माणूस, नवीन, मिशीवाला, शेपूट हातात धरून तिसऱ्या सिलिंडरपाशी उभा. पिवळी जाळी होती. एका बोल्टवर लटकत वर फिरवून ठेवलेली, उघडी.

“जाळी लाव,” मी म्हटलं.

“काका, जाळीतून शेपूट लागत नाही. वेळ जातो.”

मी पुढे झालो आणि त्याच्या आणि तोंडाच्या मधे उभा राहिलो. ते ठरवून केलं नव्हतं. पाठीला ऊब लागत होती. नवे शिफ्ट साहेब आले. “काका, बाजूला व्हा. कागद सगळा खाली चाललाय.”

“मशीन थांबवा, जाळी बसवा, मग होतो.”

“वरून विचारतील मला.”

“विचारू दे.” मी खिशातून हात काढला. दाखवायला नव्हे, जाळी धरायला. ती मला खाली ओढायची होती आणि डाव्या हाताने पोचत नव्हतो. तीन बोटांनी धरून ओढली. तो मिशीवाला माझ्या हाताकडे बघत होता. शेपूट त्याच्या हातातून सुटून गेली होती.

मशीन थांबवलं. कोणीतरी पाना आणला. दुसरा बोल्ट कुठे मिळेना, मग वर्कशॉपमधून एक आणून बसवला. मशीन पुन्हा चालू झाल्यावर मिशीवाल्याने लांब फळीने शेपूट जाळीखालून सरकवायचा प्रयत्न केला. पहिल्यांदा लागली नाही, दुसऱ्यांदाही नाही. साहेब घड्याळाकडे बघत होते. मग लागली.

मी गेटवर परत आलो तर कोळशाचा ड्रायव्हर हॉर्नवर हात ठेवूनच बसला होता. “किधर था इतनी देर?” मी त्याला गाडी मागच्या बाजूला लावायला सांगितलं. खुर्चीत बसल्यावर कळलं, शर्ट पाठीमागे पूर्ण भिजला होता.

दुसऱ्या दिवशी जाळी तशीच आहे का ते बघायला मी पुन्हा आत गेलो. आता रोज जातो. मॅनेजरनी एकदा पॅसेजमध्ये गाठलं आणि विचारलं, “गेट सोडून आत काय काम असतं तुझं?”

“चहा प्यायला जातो, साहेब,” मी म्हटलं.

“जाळीचा चहा?” ते म्हणाले, आणि निघून गेले.